दुकानापर्यंत न पोहोचलेले रॉक : सात जुन्या अल्बमांचे परीक्षण

तेव्हाच्या औरंगाबादेत गुलमंडी आणि पैठण गेट या भागांतील कॅसेटच्या दुकानांत इंग्रजी संगीताचा एखादा खण असे, आणि त्या खणात रॉकची म्हणून जी नावे सापडत ती बोटांवर मोजण्याइतकीच होती : बीटल्स, पिंक फ्लॉइड, डीप पर्पल, क्वीन, डायर स्ट्रेट्स आणि पुढे गन्स अँड रोझेस. परभणी, बीड, उदगीरकडे तेवढेही नसे; तिकडचा शौकीन पुण्यामुंबईला शिकायला गेलेल्या मित्राकडून कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून आणत असे. या निवडीत श्रोत्याच्या आवडीचा भाग थोडाच होता. कोणत्या परदेशी कंपनीचा भारतातील कंपनीशी परवान्याचा करार आहे, कोणत्या कॅसेटचा खप मुंबईच्या वितरकाला खात्रीचा वाटतो आणि त्याच्याकडे उरलेला माल आपल्या गावापर्यंत येतो की नाही, यावर आमच्या पिढीचे रॉकचे ज्ञान ठरले. ज्या बँडची कॅसेट आली नाही तो बँड आमच्यापुरता अस्तित्वातच नव्हता.

येथे ज्या सात अल्बमांचे परीक्षण केले आहे, त्यांपैकी काहींची त्यांच्या मायदेशातही जवळपास हीच गत झाली. लोकांनी ऐकून ते नाकारले, असे घडले नाही. ते गिऱ्हाइकासमोर नीट आलेच नाहीत, किंवा आले तेव्हा बँड मोडून गेला होता. २०१९ मध्ये स्पॉटिफाय आणि यूट्यूब म्युझिक या सेवा भारतात सुरू झाल्यापासून उदगीरच्या आणि लंडनच्या श्रोत्यासमोर जवळजवळ एकच संग्रह खुला आहे, त्यामुळे वितरकाने केलेली निवड आता आपण स्वतः तपासून पाहू शकतो. अर्थात, एखादी गोष्ट विसरली गेली म्हणून ती थोर ठरत नाही. सत्तरच्या दशकातील विस्मृत रॉकचा बराच मोठा भाग विसरण्याच्याच लायकीचा आहे, आणि संग्राहक मंडळींना दुर्मिळता हाच गुण वाटतो, हे त्यांच्या शिफारशी वाचताना ध्यानात ठेवावे लागते. म्हणून निवडीसाठी एकच कसोटी लावली : अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मधले काही न गाळता, पुन्हा लावावासा वाटतो का?

मराठवाड्यात १९७२ हे साल दुष्काळाचे, मिलो ज्वारीचे आणि सुकडीचे म्हणून घराघरांत लक्षात आहे. रॉक संगीताला मात्र ते वर्ष सुगीचे गेले, आणि या सातांपैकी तीन अल्बम त्याच वर्षीचे आहेत. त्यांतील पहिला, आणि माझ्या मते सातांतही सर्वांत परिपूर्ण, म्हणजे विशबोन ॲश या इंग्लिश बँडचा ‘आर्गस’. त्याला मायदेशात कोणी विचारले नाही असे म्हणता येणार नाही, कारण ब्रिटनच्या खपाच्या यादीत तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला होता. पण जुन्या रॉकच्या चर्चेत आज तो क्वचितच निघतो आणि आमच्याकडच्या त्या खणात तर तो कधी दिसलाच नाही. लंडनच्या डी लेन ली स्टुडिओत जानेवारी १९७२ मध्ये त्याचे ध्वनिमुद्रण झाले. ध्वनिमुद्रणाची तांत्रिक बाजू मार्टिन बर्च यांनी सांभाळली होती, आणि याच बर्च यांनी त्याआधी महिनाभर, डिसेंबर १९७१ मध्ये, स्वित्झर्लंडमधील माँत्र येथे डीप पर्पलचा ‘मशीन हेड’ ध्वनिमुद्रित केला होता. ‘मशीन हेड’मधील ‘स्मोक ऑन द वॉटर’ची सुरुवातीची चाल कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कधीच वाजवली नाही असा गिटारवादक आमच्या भागात सापडणे अवघड आहे. त्याच कानांनी आणि त्याच हातांनी महिन्याभराने केलेले दुसरे काम मात्र येथे जवळपास कोणालाच ठाऊक नाही.

‘आर्गस’चे वैशिष्ट्य त्याच्या दोन मुख्य गिटारींत आहे. अँडी पॉवेल आणि टेड टर्नर या दोघांपैकी एक मुख्य आणि दुसरा साथीदार अशी वाटणी येथे नाही. आपल्याकडे दोन वाद्ये एकत्र आली की जुगलबंदी अपेक्षित असते : एकाने जागा घ्यायची, दुसऱ्याने तिला उत्तर द्यायचे आणि शेवटी दोघांनी समेवर भेटायचे. ‘आर्गस’मध्ये बहुतेक वेळा सवाल-जवाब नसतात. दोन्ही गिटारी एकच चाल एकाच वेळी, पण वेगवेगळ्या स्वरांवरून वाजवतात, आणि एका जुवाला जुंपलेल्या बैलजोडीप्रमाणे पाऊल मोजून पुढे सरकतात. एक स्वर सा वर असेल तर दुसरा गंधाराच्या आसपास असतो आणि दोघांमधले अंतर चालीबरोबर थोडे कमीजास्त होत राहते. रागसंगीतावर वाढलेल्या कानाला असे समांतर स्वर सुरुवातीला परके वाटतात, कारण आपल्या परंपरेत एका वेळी एकाच स्वररेषेकडे लक्ष देण्याची सवय असते. पण ‘टाइम वॉज’ हे सुमारे पावणेदहा मिनिटांचे पहिलेच गाणे ती सवय हळूहळू बदलते. ते साध्या, बिनविजेच्या गिटारीवर संथ सुरू होते, तीनेक मिनिटे तसेच राहते आणि मग अचानक लय धरते. पुढे थिन लिझी आणि आयर्न मेडन या बँडनी ज्या जोडगिटारीवर नाव कमावले, तिचा पाया येथे स्वच्छ ऐकू येतो.

‘द किंग विल कम’ आणि ‘वॉरियर’ ही दोन गाणी ताकदीची आहेत, ‘ब्लोइन फ्री’ सर्वांत सुगम आहे, आणि शेवटचे ‘थ्रो डाउन द स्वोर्ड’ तर पुन्हा पुन्हा ऐकण्याजोगे आहे. त्यात रेनेसान्स या बँडचे जॉन टाउट ऑर्गनची साथ करतात आणि अखेरीस दोन्ही गिटारी एकाच वेळी आपापले स्वतंत्र बोलू लागतात, तरी गोंगाट होत नाही. दोष दोन आहेत. बायबलमधील भविष्यवाणी, तलवारी, राजे आणि योद्धे यांनी भरलेले शब्द काही ठिकाणी पोकळ भव्यतेकडे झुकतात. आणि बँडचे गायक मार्टिन टर्नर यांचा गळा गोड असला तरी त्यात जरब नाही, त्यामुळे युद्धाची गाणीदेखील सौम्य वाटतात. ‘लीफ अँड स्ट्रीम’ मला दर वेळी जरा लांबल्यासारखे वाटते. हिप्नोसिस या संस्थेने केलेले मुखपृष्ठ मात्र निर्दोष आहे : शिरस्त्राण आणि झगा घातलेला पहारेकरी पाठमोरा उभा राहून फ्रान्समधील व्हेर्दों नदीच्या दरीकडे पाहतो आहे, आणि आवरण पूर्ण उलगडले की मागील बाजूस आकाशात एक छोटी उडती तबकडी दिसते. फोनच्या पडद्यावर नखाएवढ्या चौकटीत ही गंमत कळत नाही.

त्याच वर्षीचा दुसरा अल्बम बिग स्टार या अमेरिकी बँडचा ‘नंबर वन रेकॉर्ड’. हा बँड मेम्फिस शहराचा. ज्या आर्डेंट स्टुडिओत ही मंडळी काम करत त्याच्या समोर बिग स्टार नावाच्या किराणा दुकानांच्या साखळीतील एक दुकान होते, आणि तेच नाव त्यांनी बँडला घेतले. ॲलेक्स चिल्टन हा त्यांतील प्रसिद्ध माणूस. द बॉक्स टॉप्स या बँडच्या ‘द लेटर’ या १९६७ च्या गाण्यात ऐकू येणारा भारदस्त आवाज तेव्हा सोळा वर्षांच्या चिल्टनचा होता. ‘नंबर वन रेकॉर्ड’मध्ये तो आवाज शोधू गेल्यास सापडत नाही, कारण येथे चिल्टन हलक्या, जवळजवळ कुमारवयीन सुरात गातात. त्यांच्यासोबत ख्रिस बेल, अँडी हमेल आणि जोडी स्टीव्हन्स होते.

समीक्षकांनी या अल्बमची तोंडभरून स्तुती केली, आणि ती वाचून दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकाला तबकडी मिळाली नाही. वितरण स्टॅक्स या कंपनीकडे होते. सोल या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतात तिचा दबदबा होता, पण रॉकची तबकडी देशभरातील दुकानांत पोहोचवणे तिला जमले नाही. पुढे स्टॅक्सने कोलंबिया या मोठ्या कंपनीशी वितरणाचा करार केला, आणि त्यातून घोळ कमी होण्याऐवजी वाढला. सुरुवातीच्या काळात या अल्बमच्या दहा हजारांहून कमी प्रती विकल्या गेल्या. ख्रिस बेल १९७२ संपता संपता बँड सोडून गेले आणि १९७८ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. नंतरच्या पिढीतील आर.ई.एम. आणि द रिप्लेसमेंट्स या बँडनी बिग स्टारचे ऋण उघडपणे मान्य केले, तेव्हा कुठे लोक या अल्बमकडे वळले.

संगीत म्हणून पाहिले तर हा अल्बम ‘आर्गस’च्या अगदी उलट टोकाला आहे. गाणी तीन-चार मिनिटांची आहेत, गिटारींचा नाद खणखणीत आणि उजळ आहे, आणि गायकांचे आवाज बीटल्सच्या वळणाने एकमेकांत मिसळतात. ‘द बॅलड ऑफ एल गूडो’ची हळूहळू चढत जाणारी बांधणी आणि ‘थर्टीन’ या गाण्यातील शाळकरी प्रेमाचा साधेपणा, या दोनच गोष्टींसाठी हा अल्बम घ्यावा. ‘थर्टीन’मध्ये ड्रम नाहीत, केवळ गिटार आणि आवाज आहेत, आणि मुलगा मुलीला जे विचारतो ते कोणत्याही तालुक्याच्या गावातील नववीच्या मुलाला विचारता आले असते. एक गाणे मात्र मराठी श्रोत्याने मुद्दाम ऐकावे, आणि ते चांगले आहे म्हणून नव्हे. अँडी हमेल यांच्या ‘द इंडिया साँग’मध्ये भारतात जाऊन, रानातल्या मोठ्या पांढऱ्या घरात राहून, मद्याचा घोट घेत पियानो वाजवण्याचे स्वप्न रंगवले आहे. मेम्फिसच्या तरुणाच्या डोळ्यांपुढचा हा भारत साहेबाच्या बंगल्याचा आहे. त्यात नोकर गृहीत आहेत आणि माणसे नाहीत. बासरी बरी वाजली आहे. अल्बममधील सर्वांत कच्चे गाणे हेच. याच बँडचा १९७४ चा ‘रेडिओ सिटी’ अधिक खडबडीत आहे, आणि ‘सप्टेंबर गर्ल्स’ हे त्यांचे सर्वोत्तम गाणे त्यात आहे. तरी सुरुवात पहिल्या अल्बमपासून करावी.

बॅडफिंगर या बँडचा ‘स्ट्रेट अप’ हा भारतीय श्रोत्याच्या सर्वांत जवळचा असायला हवा होता, आणि त्याचे कारण केवळ सांगीतिक नाही. बीटल्सनी काढलेल्या ॲपल या कंपनीचा हा बँड. त्याचे मूळ वेल्समधील स्वानझी गावचे. १९७१ मध्ये या अल्बमची पहिली आवृत्ती कंपनीने नापसंत केली, तेव्हा जॉर्ज हॅरिसन यांनी निर्मिती स्वतःकडे घेतली. ‘डे आफ्टर डे’ या गाण्यात सरकत्या पट्टीने वाजवलेली जी गिटार ऐकू येते, ती हॅरिसन आणि बँडचे पीट हॅम या दोघांची आहे, आणि पियानोवर लिऑन रसेल आहेत. काम अर्धवट असतानाच पंडित रविशंकर यांच्या विनंतीवरून हॅरिसन बांगलादेशच्या निर्वासितांसाठीच्या मैफलीच्या तयारीला लागले. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ती मैफल झाली आणि तिची सुरुवात रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा यांच्या वादनाने झाली. त्याच मंचावर मागे बसून बॅडफिंगरची मंडळी गिटारीची साथ करत होती, आणि ‘हिअर कम्स द सन’ हॅरिसन यांनी पीट हॅम यांना सोबत घेऊन सादर केले. आपल्याकडे या मैफलीविषयी जेवढे लिहिले गेले त्यात रविशंकर आहेत, हॅरिसन आहेत, डिलन आहेत; हॅम यांचे नाव मला फार थोड्या ठिकाणी आढळले. ‘स्ट्रेट अप’चे पहिलेच गाणे ‘टेक इट ऑल’ हॅम यांनी त्या अनुभवावर लिहिले.

हॅरिसन परत येऊ शकले नाहीत आणि उरलेले काम टॉड रंडग्रेन यांनी पूर्ण केले. दोन निर्मात्यांची दोन वळणे अल्बममध्ये जाणवतात. हॅरिसन यांच्या गाण्यांत मोकळी हवा आहे, तर रंडग्रेन यांनी सगळे आवाज जवळजवळ आणून घट्ट बसवले आहेत. ‘बेबी ब्लू’ला हा घट्टपणा मानवतो, इतर काही ठिकाणी गाणे गुदमरते. तरीही चालींचा दर्जा असा आहे की ही तक्रार दुसऱ्यांदा ऐकताना आठवत नाही. जे गाणे जगाने हॅरी निल्सन आणि नंतर मरायाह कॅरी यांच्या आवाजात ऐकले, ते ‘विदाउट यू’ मूळचे याच बँडचे; पीट हॅम आणि टॉम एव्हन्स यांनी लिहिलेले ते गाणे १९७० च्या ‘नो डाइस’ या अल्बममध्ये आहे. ते गुणगुणणारे शेकडो लोक भेटतील, लिहिणाऱ्यांची नावे सांगणारा क्वचितच. व्यवस्थापकाशी झालेले करार, अडकून पडलेले पैसे आणि कोर्टकज्जे यांनी बँड खचला. हॅम यांनी १९७५ मध्ये आणि एव्हन्स यांनी १९८३ मध्ये आत्महत्या केली. या शोकांतिकेवर लिहिणारे अनेक आहेत, आणि त्यामुळे गाण्यांवर बोलायचे राहून जाते, म्हणून येथे एवढेच पुरे. ‘स्ट्रेट अप’ १९९३ पर्यंत सीडीवर उपलब्ध नव्हता, हे मात्र नोंदवायला हवे. सीडीचा सुरुवातीचा दशकभराचा काळ, म्हणजे जुने अल्बम नव्या पिढीने पुन्हा विकत घेण्याचा काळ, असाच हातचा गेला.

द झॉम्बीज या इंग्लिश बँडचा ‘ओडेसी अँड ऑरॅकल’ हा सातांतील सर्वांत जुना. बहुतेक ध्वनिमुद्रण १९६७ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत झाले, डिसेंबरमध्ये बँड मोडला, आणि अल्बम बाजारात आला तो १९६८ च्या एप्रिलमध्ये. मुखपृष्ठावर ‘ओडिसी’चे स्पेलिंगसुद्धा चुकलेले आहे; चित्रकाराची ती चूक तशीच छापली गेली. अमेरिकेत संगीतकार-निर्माते अल कूपर यांनी आग्रह धरला नसता तर तेथे तो निघालाही नसता. ‘टाइम ऑफ द सीझन’ १९६९ मध्ये अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले, तेव्हा गायक कॉलिन ब्लनस्टोन विमा कंपनीत नोकरीला लागून बराच काळ लोटला होता. यश आले आणि ते घ्यायला बँड जागेवर नव्हता. मग ती रिकामी जागा भामट्यांनी भरली : झॉम्बीज या नावाने भलतीच पोरे अमेरिकेत कार्यक्रम करत फिरू लागली, आणि त्यांतील दोघे पुढे झेडझेड टॉप या बँडमधून खरोखर प्रसिद्ध झाले.

हा अल्बम रॉकच्या आरडाओरड्याला कंटाळलेल्यांनी ऐकावा. ‘केअर ऑफ सेल ४४’ वरवर ऐकले तर आनंदी प्रेमगीत वाटते, आणि शब्द कळले की ते तुरुंगातून सुटून येणाऱ्या प्रेयसीला लिहिलेले पत्र आहे हे ध्यानात येते. ‘अ रोज फॉर एमिली’त पियानो आणि आवाज यांपलीकडे जवळजवळ काही नाही. पहिल्या महायुद्धातील सैनिकाच्या तोंडी घातलेले ‘बुचर्स टेल’ इतर गाण्यांत मिसळत नाही आणि माझ्या मते ते गाळले असते तरी चालले असते. अनेकांना मात्र तेच सर्वांत धाडसी वाटते. ऐकताना एक व्यावहारिक सूचना : शक्य असेल तर मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येणारी, आवृत्ती लावावी. साठच्या दशकातील स्टिरिओमध्ये एका कानात आवाज आणि दुसऱ्या कानात वाद्ये अशी ढोबळ विभागणी असे, आणि एसटीच्या प्रवासात एकच इअरफोन कानात असला तर अर्धे गाणे गायब होते. शिवाय ‘धिस विल बी अवर इयर’ या गाण्यातील पितळी वाद्ये मोनो मिश्रण करतानाच थेट वाजवून घेतली होती, त्यामुळे त्या गाण्याचे खरे रूप मोनोच आहे.

बनावट बँडचा विषय निघालाच आहे तर कॅप्टन बियाँड यांच्याकडे येतो. डीप पर्पलचे पहिले गायक रॉड एव्हन्स, आयर्न बटरफ्लाय या बँडमधील लॅरी राइनहार्ट आणि ली डॉर्मन, आणि गिटारवादक जॉनी विंटर यांच्यासोबत वाजवलेले ड्रमवादक बॉबी कॉल्डवेल अशा चौघांनी १९७२ मध्ये काढलेला, बँडच्याच नावाचा हा अल्बम पस्तीसेक मिनिटांत संपतो आणि श्वास घ्यायला उसंत देत नाही. गाणी एकमेकांत शिरतात, लय मध्येच मोडून वेगळ्याच मात्रांत सुरू होते, आणि कॉल्डवेल यांचे ड्रम हे साथीचे वाद्य न राहता गाण्याचा कणा होतात. तबल्याची आवड असणाऱ्या मित्रांना मी या यादीतील पहिला अल्बम म्हणून हाच सुचवतो. कॅप्रिकॉर्न ही त्यांची कंपनी जॉर्जिया राज्यातील आणि दक्षिणी रॉकसाठी प्रसिद्ध होती. असल्या अवकाशयात्रेच्या संगीताचे काय करायचे हे तिला समजलेले दिसत नाही. एव्हन्स यांची पुढची कथा मात्र खेदाची आहे. १९८० मध्ये त्यांनी डीप पर्पल हे नाव लावून अनोळखी वादकांसह कार्यक्रम केले, खऱ्या बँडच्या बाजूने खटला झाला आणि न्यायालयाने ६,७२,००० डॉलर भरण्याचा आदेश दिला. ते संगीतातून कायमचे बाहेर पडले.

बजी या वेल्समधील तीन जणांच्या बँडवर फार लिहिण्यासारखे नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. ‘नेव्हर टर्न युअर बॅक ऑन अ फ्रेंड’ हा १९७३ चा अल्बम जड, ठोक आणि विनोदी आहे. भुकटीच्या दुधानंतरची सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तू, अशा अर्थाचे नाव एका प्रेमगीताला देणारा दुसरा बँड मला माहीत नाही. पहिले गाणे ‘ब्रेडफॅन’ मेटॅलिकाने १९८८ मध्ये पुन्हा वाजवले आणि मूळ बँडपेक्षा कितीतरी अधिक लोकांपर्यंत नेले. बर्क शेली बेस वाजवत उंच पट्टीत गातात, आणि तो आवाज काहींना सोसत नाही. ज्यांना सोसेल त्यांनी शेवटचे ‘पेरेंट्स’ हे दहा मिनिटांचे गाणे जरूर ऐकावे. टोनी बोर्ज यांची गिटार तेथे थट्टा सोडून गंभीर होते.

इंग्रजी शब्द कळत नाहीत म्हणून रॉक ऐकत नाही, असे सांगणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांची अडचण खोटी नाही. त्यांच्यासाठी कॅमल या इंग्लिश बँडचा ‘मिराज’ हा १९७४ चा अल्बम आहे. अँड्र्यू लॅटिमर यांची गिटार आणि बासरी, तसेच पीटर बार्डेन्स यांचे की-बोर्ड यांना येथे गायनापेक्षा अधिक जागा मिळाली आहे, आणि शब्द असले तरी त्यांच्यावाचून काही अडत नाही. ‘लेडी फँटसी’ हे पावणेतेरा मिनिटांचे शेवटचे गाणे अनेक तुकड्यांनी बांधलेले आहे. त्यातील मधला संथ भाग संपून गिटार पुन्हा उसळते ती जागा लॅटिमर यांनी फार संयमाने राखून ठेवली आहे, आणि विलंबितातून द्रुतात जाण्याची वाट पाहणाऱ्या आपल्या श्रोत्याला ती ओळखीची वाटेल. मुखपृष्ठ एका प्रसिद्ध सिगारेटच्या पाकिटासारखे होते, त्यामुळे अमेरिकेत ते बदलावे लागले. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, त्यांनी ‘द स्नो गूज’ हा संपूर्णपणे वाद्यसंगीताचा अल्बम काढला. तो गोड आहे, पण सलग ऐकताना जरा पाणीदार वाटतो. ‘मिराज’चा कस त्यात नाही.

विकत घेण्याविषयी थोडे सांगायला हवे. यांतील बहुतेक अल्बम स्ट्रीमिंग सेवांवर सापडतात, पण शोधताना प्रकाशनाचे साल पाहून घ्यावे, कारण जुने बँड, किंवा त्यांतील एखाद-दुसरा सदस्य, उतारवयात तीच गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित करतात आणि शोधयादीत ती मूळ गाण्यांच्या शेजारी येऊन बसतात. ‘आर्गस’च्या बाबतीत तर हे झालेच आहे : मार्टिन टर्नर यांनी २००८ मध्ये तो अख्खा अल्बम नव्याने ध्वनिमुद्रित केला, आणि पुढे बँडच्या नावावरून त्यांचा अँडी पॉवेल यांच्याशी वाद न्यायालयात गेला, ज्याचा निकाल २०१३ मध्ये पॉवेल यांच्या बाजूने लागला. नवी आवृत्ती वाईट नाही, पण तिच्यात बर्च यांचे ध्वनिमुद्रण नाही आणि टेड टर्नर यांची गिटारही नाही. नव्या आयात एलपीला अडीच-तीन हजार रुपये किंवा त्याहूनही अधिक मोजावे लागतात, आणि छत्रपती संभाजीनगरात ती हाताळून, तपासून घेण्याची सोय जवळपास नसल्याने ऑनलाइन मागवणे हाच मार्ग उरतो. उन्हाळ्यात मागवू नये, कारण आपल्याकडच्या मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत पडून राहिलेली तबकडी वाकण्याची भीती असते. सातांपैकी ‘आर्गस’ आणि ‘मिराज’ यांवर एलपीचे पैसे खर्च करणे मला योग्य वाटते. ‘ओडेसी अँड ऑरॅकल’ची मोनो सीडी मिळाल्यास तेवढी पुरेशी आहे, आणि बाकी चारांसाठी बरा हेडफोन आणि महिन्याची वर्गणी यांवर भागते.